नाव आतून बघा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या महिन्यात नावांबद्दलची, म्हणजे होड्यांबद्दलची, पत्रं नेहमीपेक्षा जास्त आली. गोसीखुर्द धरणाचं पसरलेलं पाणी, वैनगंगेचे घाट, इटियाडोह जलाशय, जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव, सगळीकडून. बहुतेकांना विचारायचं एकच आहे : नाव धड आहे की नाही, हे पाण्यात लोटायच्या आधी कसं कळावं? निवडक प्रश्नांची उत्तरं इथे देत आहोत.

आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेला रायगड जिल्ह्यातून दोन जुन्या फायबरच्या नावा स्वस्तात मिळत आहेत. लांबी १९-२० फूट. विकणारा म्हणतो, 'सर्व्हे झालेला आहे, कागद देतो.' कागदावर भरोसा ठेवावा काय? आम्ही स्वतः काय बघावं?
— संस्थेचे सचिव, पवनी तालुका (भंडारा)

आधी तो कागद कशाचा आहे ते बघा. 'सर्व्हे' या एकाच शब्दाखाली तीन वेगळी कामं चालतात. घेणाऱ्याच्या सांगण्यावरून होते ती नावेच्या स्थितीची तपासणी. विम्याच्या दाव्यासाठी होते ती नुकसानीची, आणि तीत मोडलेल्या भागापलीकडे कोणी फारसं बघत नाही. तिसरी सरकारी, प्रमाणपत्रासाठीची. तीत नाव कायद्याच्या अटींत बसते का एवढं ठरतं, तुम्ही देताय ती किंमत योग्य आहे का ते ठरत नाही. कागदावर तीन गोष्टी शोधा : तारीख, तपासताना नाव जमिनीवर होती की पाण्यात, आणि तळ बघितला का. पाण्यात तरंगणाऱ्या नावेची तपासणी अर्धीच असते. या तीनपैकी एकही गोष्ट लिहिलेली नसेल तर तो कागद बाजूला ठेवा आणि चार माणसं घेऊन स्वतः जा.

सकाळी जा, ऊन तिरपं असताना. नाव दोन ओंडक्यांवर उचलून ठेवायला सांगा, म्हणजे तळाखाली माणूस सरपटत जाऊ शकेल. एका टोकाशी बसून, डोळा पृष्ठभागाला लावून, लांबीच्या दिशेने बघा. तिरप्या उन्हात आत दबलेला खड्डा, फुगवटा, आधी बुजवलेलं ठिगळ लगेच दिसतं. नवा रंग फासलेला असेल तर जास्त सावध व्हा आणि रंग कशासाठी दिला ते विचारा.

मग ठोकून बघा. हे काम सर्वात महत्त्वाचं आहे आणि त्याला लागतं फक्त दहा रुपयांचं नाणं. वीत-वीत अंतरावर तळ आणि बाजू ठोकत चला. चांगल्या फायबरचा आवाज खणखणीत येतो. थर एकमेकांपासून सुटले असतील किंवा मध्ये पाणी शिरलं असेल तर आवाज बसका, 'थप' असा येतो. तशा जागी खडूने गोल करत चला. तळहाताएवढा एखादा गोल असेल तर दुरुस्ती होते. तळावर लागून-लागून गोल पडायला लागले तर व्यवहार सोडा.

तळावर वाटाण्याएवढे फोड दिसले तर विकणाऱ्याच्या परवानगीने एक टोचा. आतून चिकट पाणी निघालं आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर पाणी वरच्या चकचकीत थरातून आत जाऊन रेझिनमध्ये (फायबरचे धागे बांधून ठेवणाऱ्या रसायनात) मुरलेलं आहे. दहा-पाच फोड चालतील. तळभर असतील तर सगळा थर घासून, नाव काही आठवडे सुकवून, नवा थर द्यावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा करा.

आता खरी जागा : जिथे मोटर बसते ती मागची पाटी. बाहेरून फायबर दिसतं, आत मात्र बहुधा प्लायवूड असतं. बोल्टची भोकं नीट बुजवली नसतील तर पाणी तिथून आत जातं आणि प्लायवूड आतल्या आत कुजतं. बाहेरून ते कधीच दिसत नाही. बोल्टांखाली तपकिरी ओघळ आहेत का बघा. मोटर लावलेली असेल तर तिचा पाय धरून मागे-पुढे हलवा. मोटरसोबत पाटीही हलली, कोपऱ्यात भेग उघडली-मिटली, तर आतलं लाकूड गेलं. शंका राहिली तर आतल्या बाजूने, खालच्या टोकाशी ४ मिमीच्या गिरमिटाने एक भोक पाडून बघा. कोरडा, फिकट भुसा आला तर ठीक. ओला, काळा, चॉकलेटसारखा आला तर पाटी नवी करावी लागेल. भोक लगेच रेझिनने बुजवायचं.

बैठकीखालच्या बंद पोकळ्यांत नाव तरंगती ठेवण्यासाठी फोम भरलेला असतो. तो जुना झाला की स्पंजासारखं पाणी धरतो. ते ओळखायचा उपाय तुम्हाला जवळच आहे : धरमकाटा, म्हणजे गाड्या तोलायचा मोठा वजनकाटा. ट्रॉली रिकामी आणि मग नावेसकट काट्यावर घ्या. बनवणाऱ्याने सांगितलेल्या वजनापेक्षा ८०-१०० किलो जास्त भरलं तर तेवढं पाणी नावेच्या पोटात आहे. काट्याला १०-२० किलोचा फरक कळत नाही, पण एवढा कळतो.

समुद्रातली नाव आपल्याकडे आणताना आणखी दोन गोष्टी. खारं पाणी गोड्या पाण्याहून साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणून तीच नाव तेवढ्याच ओझ्याने इथे किंचित जास्त बुडेल. मोटरच्या पायाला गंज रोखण्यासाठी जस्ताचा तुकडा लावलेला असतो. गोड्या पाण्यात जस्त काम करत नाही, तिथे मॅग्नेशियमचा लावतात.

स्वस्ताईच्या मागे लागण्याआधी एक हिशेब करा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदान आहे. मत्स्यव्यवसाय खात्यात विचारून बघा. जुनी नाव, तिची दुरुस्ती आणि रायगडहून आणण्याचं भाडं मिळून कधी कधी नवीच्या जवळ जातं.

फायबरच्या तळाला वीतभर भेग गेली आहे. दोन गोळ्या मळून लावायची पुट्टी भरली, पंधरा दिवसांत निघाली. पक्कं काम घरी होईल का?
— लाखांदूर तालुका (भंडारा)

होईल. पुट्टी भेगेच्या तोंडावर बसते. फायबरचा जोर मात्र आतल्या काचेच्या धाग्यांत असतो आणि ते तुटलेलेच राहतात. नाव जरा वाकली की पुट्टी सुटणारच.

भेगेच्या दोन्ही टोकांना ५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे भेग पुढे सरकणार नाही. मग ग्राइंडरने भेगेच्या कडा उतरत्या करा, बशीसारख्या. उतार जाडीच्या बारापट हवा : तळ ५ मिमी जाड असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना ६-६ सेंमी. इथेच बहुतेकांचं चुकतं. उथळ खाच करून वर मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) चिकटवली की ठिगळ पापडासारखं निघतं. आतून भेगेवर आधी प्लास्टिक, मग पातळ पत्रा, आणि टेकू. घासलेली जागा पूर्ण वाळू द्या आणि ॲसिटोनने पुसा. नंतर तिथे हात लावू नका, हाताचं तेलही नडतं.

४५० ग्रॅमची (एका चौरस मीटरचं वजन) मॅट घ्या. तिचा एक थर रेझिनसकट सुमारे १ मिमी भरतो, म्हणजे पाच थर. पहिला तुकडा सर्वात लहान, मग प्रत्येक जरा मोठा. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीचपट रेझिन लागतं. वीतभर भेगेला ६०-७० ग्रॅम मॅट आणि १५० ग्रॅम रेझिन पुरतं, सांडलवंड धरून २०० ग्रॅम कालवा. रेझिन आवळणारा हार्डनर १ ते २ टक्के. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने मोजा : २०० ग्रॅमला ३ मिली. आपल्याकडच्या मे महिन्यात २ मिलीच घाला, सकाळी सात वाजता, सावलीत, नाहीतर ब्रश फिरवता-फिरवता रेझिन डब्यातच थिजतं आणि डबा हातात धरवत नाही इतका तापतो. १५ अंशांखाली ते नीट आवळत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहाटेही नको. प्रत्येक थर ब्रशने ठोकून हवेचे बुडबुडे बाहेर काढा. पांढरा ठिपका दिसला की तिथे हवा अडकली आहे. शेवटच्या थरावर प्लास्टिक ताणून बसवा, हवेशी संपर्क राहिला तर वरचा थर चिकटच राहतो.

हे काळजीपूर्वक वाचा : दुकानदार रेझिनसोबत जांभळट कोबाल्ट (आवळणं लवकर करणारं) आणि पाण्यासारखा हार्डनर, अशा दोन बाटल्या देतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर घालायचा. हे दोन थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. बऱ्याच रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेलं असतं, विकत घेताना विचारा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा. उडालाच तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

सागाच्या फळ्यांची १८ फुटी नाव मार्चपासून काठावर पडून आहे. फटींतून उजेड दिसतो. पावसाळ्याआधी डांबर ओतून बुजवली तर चालेल काय? लाकूड कुजलं की नाही ते कसं ओळखावं?
— इटियाडोह जलाशय परिसर, अर्जुनी मोरगाव तालुका (गोंदिया)

डांबर लगेच ओतू नका. उन्हात लाकूड आकसतं म्हणून फटी दिसतात. त्या कोरड्या फटी तुम्ही कडक भरून टाकल्या, तर पाण्यात गेल्यावर फळ्या फुगायला जागा राहत नाही. मग फळी खिळ्याला ओढते, खिळे ढिले होतात, कधी फासळीच (फळ्यांना आतून धरणारं आडवं लाकूड) तडकते. आधी नाव सावलीत घ्या, आत ओली पोती पसरा आणि आठवडाभर ती भिजती ठेवा. नंतर काठाशी उथळ पाण्यात तीन-चार दिवस बुडवा. बऱ्याच फटी आपोआप मिटतात. ज्या तरी राहतील त्या बुजवायच्या.

पण त्याआधी, नाव कोरडी असतानाच, कुज शोधा. लाकूड सतत पाण्याखाली असतं तिथे सहसा कुजत नाही, कारण बुरशीला हवा लागते. सतत कोरडं असतं तिथेही नाही. जिथे ओलं-कोरडं होत राहतं तिथे कुजतं. आणि लोक तळ बाहेरून बघतात, तर कुज सुरू होते आतून : फासळीचा पाय जिथे तळाला टेकतो तिथे, बैठकीची टोकं जिथे बाजूत शिरतात तिथे, नाळेच्या (नावेच्या पुढच्या टोकाच्या) आतल्या खोबणीत. पावसाचं पाणी तिथेच साचतं. फासळ्यांखाली पाणी वाहून जायला ठेवलेली खाच मासळीच्या खवल्यांनी आणि चिखलाने बुजलेली असते. तारेने ती मोकळी करा, एवढ्यानेही नावेचं आयुष्य वाढतं.

एक टोचा घ्या, मोच्याच्या आरीसारखा. वर सांगितलेल्या सगळ्या जागी अंगठ्याच्या जोराने दाबत चला. निरोगी सागात टोक जेमतेम शिरतं. सहज ३-४ मिमी गेलं तर तिथे थांबा आणि टोक तिरपं करून थोडं लाकूड उचका. लांब, धाग्यासारखी चिलपी निघाली तर लाकूड जिवंत आहे. आडवी, बिस्किटासारखी तुटली तर कुजलं. वरून रंग शाबूत आणि आत बिस्कीट, असं फार वेळा सापडतं. फळीच्या कडेला फिकट पट्टा दिसला तर तो सालीकडचा भाग आहे. साग असला तरी तो भाग टिकत नाही, आणि भुंगाही आधी तिथेच शिरतो.

खिळे बघा. लोखंडी खिळ्याभोवती काळं कडं दिसतं ते लोखंड आणि लाकडातला कस यांच्या मिलाफाने होतं. कडं आहे म्हणून घाबरू नका, पण प्रत्येक फळीतला एक खिळा उपसून बघा. डोकं धड आणि कमरेत काडीसारखा बारीक झालेला खिळा निघाला तर त्या ओळीतले बाकीचेही तसेच असणार. नवा, जस्ताचा मुलामा दिलेला खिळा जुन्या भोकात मारू नका. जुनं भोक लाकडाच्या खुंटीने बुजवा आणि दोन बोटं सरकून नवीन घ्या. वाढई (सुतार) जुन्याच भोकात जाड खिळा मारतो, त्याने फळी चिरते.

फट बुजवायला कापसाचं सैल पीळ दिलेलं सूत घ्या. फटीचा दोन-तृतीयांश भाग सुताने भरा, वरचा एक-तृतीयांश राळ आणि जवसाच्या तेलात मळलेल्या लुकणाने. सूत बोथट पटाशीने, हलक्या ठोक्याने बसवा. जोरात ठोकलं तर ते फटीतून पलीकडे निघतं. डांबर द्यायचंच तर सर्वात शेवटी, बाहेरून, पातळ हात. आतून देऊ नका. आत शिरलेलं पाणी मग लाकडातच कोंडतं, आणि पुढच्या वर्षी टोचा मारायला लाकूड दिसतही नाही.

जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आमच्या घाटावरून मजूर बाया मिरची तोडायला पलीकडे जातात. मोटरसायकलीही नावेवर चढवतात. नावाडी 'नेहमी एवढेच नेतो' म्हणतो. नावेवर किती माणसं बसवावी हे ठरवायचा काही पक्का मार्ग आहे का?
— ग्रामपंचायत सदस्य, चामोर्शी तालुका (गडचिरोली)

आहे, आणि तुमच्या तालुक्याला तो सांगण्याची गरज आहे हे आम्ही जाणतो. जानेवारी २०२४ मध्ये गणपूरजवळ वैनगंगेत उलटलेल्या नावेत मिरची तोडायला निघालेल्या बायाच होत्या. सप्टेंबर २०२१ मध्ये वर्धा नदीत, वरूड तालुक्यातल्या झुंज इथे नाव उलटून ११ जण गेले.

सगळं मोजमाप एका गोष्टीचं : काठाच्या सर्वात खालच्या जागेपासून पाण्यापर्यंत किती अंतर उरलं. नाळ उंच असते, तिथे मोजू नका. मधला भाग सर्वात खाली असतो.

कंबरभर संथ पाण्यात नाव बांधा. माणसांऐवजी रेतीची पोती घ्या, पण प्रत्येक पोतं वजन करून. सिमेंटची रिकामी थैली रेतीने भरली तर ५० किलोच्या वर जाते. एका माणसाला डबा, पाणी, विळा धरून ७५ किलो धरा. पोती तळात ठेवू नका, बैठकीवर ठेवा. ओझं खाली असलं की नाव खोटी स्थिर वाटते, आणि माणसं तर वरच बसतात. दोन-दोन माणसांचं वजन वाढवत जा, दर वेळी पट्टीने अंतर मोजून वहीत लिहा. सहा मीटर लांब, दीड मीटर रुंद नाव दर माणसामागे साधारण एक सेंटिमीटर बसते. तुमची यापेक्षा झपाट्याने बसत असेल तर ती अरुंद आहे, जास्त जपून.

संथ नदीसाठी ३० सेंमी अंतर उरलं की भरणं थांबवा. गोसीखुर्दच्या जलाशयासारखं उघडं पाणी असेल, वारा असेल, किंवा वरून पाणी सोडलेलं असेल, तर ४० सेंमीवरच थांबा.

पण तेवढ्यावर संपत नाही. नावा नुसत्या ओझ्याने क्वचित बुडतात, त्या कलून बुडतात. म्हणून तेवढंच ओझं एका बाजूला सरकवा, जसं पाणी उडाल्यावर किंवा कोणी हाक मारल्यावर सगळे एकाच बाजूला झुकतात. काठाचं उरलेलं अंतर पावभागापेक्षा जास्त कमी झालं, म्हणजे ३० चं २२ च्या खाली गेलं, तर माणसं कमी करा आणि पुन्हा तपासा. आलेला आकडा हाच तुमच्या नावेचा आकडा. त्या वेळी पाणी जिथे टेकतं तिथे दोन्ही बाजूंना हातभर लांब पांढरी रेघ ऑइलपेंटने ओढा. रेघ बुडाली की पुढचा माणूस काठावर थांबेल. नावाड्याशी वाद घालायची गरज राहत नाही, रेघ सगळ्यांना दिसते.

तळातलं पाणी हलकं समजू नका. चार चौरस मीटर तळावर ५ सेंमी पाणी म्हणजे २०० लिटर, तीन माणसांचं वजन. आणि ही तीन माणसं नाव कलली की सगळ्यात आधी खालच्या बाजूला धावतात. हे पाणी येतं किती लवकर? पाण्याखाली ३० सेंमी खोल, करंगळीएवढं, १० मिमीचं भोक मिनिटाला सुमारे ७ लिटर पाणी आत घेतं, तासाला ४०० च्या वर. दोन टोपली आणि कोणत्या दोघांनी पाणी उपसायचं हे निघण्याआधी ठरलेलं हवं.

मोटरसायकलचं वजन ११० ते १५० किलो, म्हणजे दोन माणसं. पण ते वजन उंच असतं आणि स्टँडवर उभं. माणसांसोबत मोटरसायकल नको. न्यायचीच तर वेगळी खेप, नावेच्या लांबीच्या दिशेने, मधोमध, दोन्ही बाजूंनी दोरांनी आवळून, पेट्रोलचा कॉक बंद. नावेत आडवी लावू नका, नाव कलली की ती चाकांवर त्याच बाजूला सरकते.

आमच्या घाटावरच्या नावेला मोटर लावली. सरकारी तपासणी लागते काय?
— आरमोरी तालुका (गडचिरोली)

मोटर लावून प्रवासी नेत असाल तर लागते. १९१७ चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जहाज अधिनियम, २०२१ लागू आहे. त्यात मोटरच्या नावेला सर्वेक्षण प्रमाणपत्र, नोंदणी आणि विमा हवा. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक संस्थेकडे ठेवण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, त्यामुळे ग्रामपंचायतीने नावांची वही ठेवणं कायद्याला धरूनच आहे. आपल्या राज्यात हा विषय महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा. अर्ज कुठे द्यायचा ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. तपासणीला येणारे नावेचा सांगाडा, मोटर, जीवरक्षक साधनं आणि आग विझवायची सोय बघतात. मागच्या उत्तरातली रेघ आणि मोजमापाची वही तयार असेल तर त्यांचंही काम सोपं होतं.

शाळेसाठी देणगीतून लाइफ जॅकेट मिळाली. चांगली की नुसती दिखाऊ, हे कसं ओळखावं? मुलं नावेने येतात.
— आश्रमशाळेतील शिक्षक, सिरोंचा तालुका (गडचिरोली)

आधी शिवणीजवळचं लेबल वाचा. ५० न्यूटन लिहिलं असेल तर ते पोहणाऱ्याला आधार देणारं जॅकेट आहे. पोहता न येणाऱ्याला संथ पाण्यात निदान १०० न्यूटनचं हवं, म्हणजे सुमारे १० किलो उचलणारं. लेबल नसेल तर स्वतः तपासा. मोठ्यांच्या जॅकेटला ८ किलो लोखंड बांधा, हौदात टाका आणि २४ तास तसंच राहू द्या. लोखंडही पाण्यात थोडं हलकं होतं, त्यामुळे ८ किलोचं जॅकेटला साधारण ७ किलोच जाणवतं. तेवढंही ज्या जॅकेटला पेलवलं नाही ते मोडीत काढा. दुसऱ्या दिवशी जॅकेट बाहेर काढून पिळा. आतून पाणी आलं तर आत बंद पेशींचा फोम नसून साधा स्पंज आहे.

मोठ्यांचं जॅकेट मुलाला घालू नका. पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि मूल खालून निसटतं. घातल्यावर खांद्यांवरून दोन्ही हातांनी वर ओढून बघा. ते कानापर्यंत आलं तर मोठं होतंय. लहान मुलांच्या जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आणि जॅकेट बैठकीखाली पोत्यात बांधून ठेवू नका, उंदीर कुरतडतात.

नावेची पेट्रोल मोटर जलाशयात अर्ध्यावर गरम होऊन बंद पडते. मेकॅनिक दर वेळी प्लग बदलतो.
— कुही तालुका (नागपूर)

प्लगचा दोष नाही. मोटर सुरू झाली की मागून पिचकारीसारखी पाण्याची बारीक धार निघायला हवी. ती नसेल, तुटक असेल, तर मोटर थंड होत नाही. खाली पायाच्या जाळीत जलपर्णीची मुळं किंवा बेशरमाची पानं अडकतात, ती आधी काढा. तरी धार आली नाही तर आतला, पाणी ओढणारा छोटा रबरी पंखा झिजला आहे. गढूळ, रेतीमिश्रित पाण्यात तो लवकर जातो, आणि मोटर एकदाही कोरडी चालवली तर काही सेकंदांत करपतो. तो दर वर्षी बदला.

मोटरची बसकणही तपासा. नाव ढकलणाऱ्या बाहेरच्या पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली हवी. मोटरचा पाय आखूड (१५ इंच) आणि नावेची पाटी उंच (२० इंच) असेल तर हा बाहेरचा पंखा हवा ओढतो, मोटर किंचाळते पण नाव पुढे जात नाही. गिअरचं तेल दर हंगामात खालच्या बोल्टमधून थोडं काढून बघा. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलं आणि पाणी आत शिरलं आहे. मोटर बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेलीच असावी.

आमच्याकडे उन्हाळ्यात लाकडी नाव तलावात बुडवून ठेवतात. ही रीत बरोबर आहे का?
— नागभीड तालुका (चंद्रपूर)

बरोबर आहे. पूर्ण पाण्याखाली लाकडाला हवा मिळत नाही म्हणून ते कुजत नाही, आकसत नाही, फटीही पडत नाहीत. उधळी (वाळवी) तिथे पोचत नाही. फायबरच्या नावेला मात्र हे करू नका, तिच्या पाटीतलं प्लायवूड आणि बैठकीखालचा फोम पाणी पितो.

बुडवण्याआधी लोखंडी साखळी, कुंडे काढून घ्या, आत रेती किंवा गाळ साचणार नाही अशी जागा निवडा. दगड फासळ्यांवर ठेवा, दोन फासळ्यांच्या मधल्या फळीवर नको, तिथे वजन आलं की सांधा उघडतो. मामा तलावाचं पाणी एप्रिल-मे मध्ये झपाट्याने उतरतं. नाळ आणि वरचा काठ उघडा पडला की तो दिवसा वाळतो, रात्री ओला होतो, आणि कुज तिथेच सुरू होते. पंधरा दिवसांनी एकदा जाऊन बघा, काठ दिसत असेल तर दगड काढा, नाव आणखी खोल ओढा आणि दगड पुन्हा ठेवा.